बजबजचं सीमोल्लंघन

शरद ऋतूचं कौतुक मला कुणी सांगू नये. आकाश निळंभोर होतं, रेल्वे लाइनच्या कडेनं काशफुलं डोलतात, सकाळी दाराशी शिउलीचा, म्हणजे आपल्या पारिजातकाचा, सडा पडतो, हे मलाही दिसतं. मी काही आंधळी नाही. पण कोलकात्यात, बेहाल्यातल्या आमच्या गल्लीत दुर्गापूजेच्या पँडलचे बांबू येऊन पडले, खड्डे खणणाऱ्या पहारीचा आवाज कानावर आला, की माझं डोकं फिरतं. चार वर्षं झाली या गोष्टीला. दर वर्षी ठरवते की यंदा चिडायचं नाही, आणि दर वर्षी बांबूंच्या पाठोपाठ राग येतोच.

यंदा त्याला आयतं निमित्त मिळालं. गाडी गरम व्हायला लागली. दोन सिग्नल गेले की काटा वर चढतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि उभी असताना सगळी गाडी थरथरते. चौदा वर्षांची झाली आहे. छोटी, राखाडी रंगाची, डाव्या मागच्या दारावर मिनीबसनं ओढलेली लांब रेघ असलेली. ती रेघ मी मुद्दामच बुजवलेली नाही. चूक मिनीबसवाल्याची होती आणि ती दिसत राहावी असं मला वाटतं.

माझा नवरा विनायक बँकेतून निवृत्त झाल्यापासून निर्णय घ्यायला मोकळा झाला आहे. त्यानं आठवडाभरात चार शोरूम पालथ्या घातल्या आणि टीपॉयवर चकचकीत माहितीपत्रकांचा ढीग लावला. "पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होतील. मग कागद नव्यानं करा, तपासणीला रांग लावा. कशाला हवं ते? विकून टाकू," तो म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे म्हणाला, "तसंही त्या निमाईनं वाट लावल्यापासून ती धड चाललीच नाही."

मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. पोळी करपली. ती करपलेली पोळी मी स्वतःच्या ताटात वाढून घेतली. कारण निमाईदानं, आमच्या मेकॅनिकनं, गाडीची वाट लावली नव्हती. ती कुणी लावली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचं हे बिऱ्हाड कोलकात्यात रुजलं ते माझ्या सासऱ्यांमुळे, नानांमुळे. ते रेल्वेत होते, गार्डन रीचच्या कचेरीत. निवृत्तीनंतरही परत गेले नाहीत. विनायक इथेच जन्मला. मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा नानांनी मला घरचा दसरा समजावून सांगितला होता. सकाळी गाडीची पूजा, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. दुपारी सीमोल्लंघन. संध्याकाळी आमच्याच घरी आठदहा मराठी घरांनी जमायचं आणि सोनं लुटायचं. इथे आपटा कुठून आणणार? म्हणून नानांनी कांचनाची पानं काढली, तीही जोडपानंच, दिसायला हुबेहूब. सगळ्यांना ठाऊक असतं की हा आपटा नाही, आणि तरी प्रत्येक जण "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणून ती हातात ठेवतो. मला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. नंतर सवय झाली.

सीमोल्लंघन करायचं ते बजबजला. पुलावरून नदीपलीकडे जावं तर दशमीला सगळं शहर मूर्ती घेऊन नदीकडे निघालेलं असतं. म्हणून नाना दक्षिणेचा रस्ता धरायचे. तागाच्या गिरण्यांच्या लांबच लांब भिंती, तेलाच्या टाक्या, मग एकदम उघडी पडलेली गंगा. काठावर गाडी उभी करून, नदीला हात जोडून, भांडातला, म्हणजे मातीच्या पेल्यातला, चहा पिऊन परत यायचं. नाना म्हणायचे, "शहराची हद्द ओलांडली, झालं. मराठी माणसानं दसऱ्याला घरात बसू नये." नाना गेल्यावर ती गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं. विनायकला गाडी येत नाही. त्यानं दोनदा शिकायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शिकवणाऱ्यानं हात जोडले.

मला चालवायला शिकवलं निमाईदानं. म्हणजे परवाना मी रीतसर शिकून काढला, पण गाडी ऐकायला त्यानं शिकवलं. गार्डन रीचच्या मोठ्या रस्त्याच्या आत, कारखान्याच्या भिंतीला टेकून, त्याची पत्र्याची शेड होती. त्याच्या वडिलांनी नानांची पहिली गाडी सांभाळलेली. निमाईदा बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बौदी, शुनुन. गाडी निजेई बोले." वहिनी, ऐका, गाडी स्वतःच सांगते. मी ऐकायला शिकले. आमच्या आठदहा घरांतल्या सगळ्यांच्या गाड्या मी त्याच्याकडे नेऊन दिल्या. विश्वकर्मा पूजेला, आकाशात पतंग आणि शेडमध्ये झेंडू, तो आम्हाला खिचडी खायला बोलवायचा. त्या दिवशी तो पाना हातात धरत नसे. हत्यारं धुऊन, ओळीनं मांडून, त्यांना कुंकू लावलेलं असायचं. मी म्हणायचे, "आमची खंडेनवमी अशीच असते." तो म्हणायचा, "तबे तो एकई घर." मग तर एकच घर.

चार वर्षांपूर्वी नवमीला पाऊस कोसळला. पूजेच्या दिवसांत पाऊस म्हणजे सगळ्या शहराचा हिरमोड. पँडलमधले दिवे गेले, ढाकवाले, म्हणजे पूजेचे ढोलवाले, पडदा डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसले आणि आमच्या गल्लीत मांडीएवढं पाणी साचलं. गाडी रस्त्याकडेला उभी होती. वरच्या खिडकीतून पाहिलं तर तिचे दिवे पाण्याखाली. मी निमाईदाला फोन लावला. तो गावी निघाला होता, सासुरवाडीला. पूजेच्या दिवसांत इथे कुणीच काम करत नाही. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, "बौदी, स्टार्ट देबेन ना. एकदोम ना. जोल नेमे गेलेओ ना." चालू करू नका, अजिबात नको, पाणी उतरलं तरी नाही. आत पाणी गेलं असेल, प्लग उघडून ते आधी काढायला हवं. एकादशीला मी येतो, तोवर किल्लीला हात लावू नका.

दशमीला ऊन पडलं. पाणी उतरलं. गाडी वरून तर नुसती आंघोळ केल्यासारखी स्वच्छ दिसत होती. विनायकनं हळद-कुंकू लावलं, माळ घातली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मी म्हटलं, "यंदा सीमोल्लंघन चालत करू. वळणापर्यंत जाऊ आणि परत येऊ." विनायक नारळ हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "नानांच्या वेळेपासून कधी चुकलं नाही. बजबज राहू दे, निदान चालू करून चार पावलं तरी पुढे घे. पूजा झालेली गाडी जागेवरून हलवायची नाही म्हणजे काय?" मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "का? घाबरतेस?"

एवढंच. वाईट हेतू काहीच नव्हता. पण मी पंचवीस वर्षं हे ऐकत आले होते. सासरच्या लग्नकार्यात, पेट्रोलपंपावर, पार्किंगमध्ये मागे बघून हात हलवणाऱ्या कुठल्याही अनोळखी पुरुषाकडून. "ताई, जमेल ना?" "बाईमाणसानं कशाला या गर्दीत?" मी दार उघडलं, बसले आणि किल्ली फिरवली. रागानं फिरवली. निमाईदाचे शब्द विसरले नव्हते, ते कानात होते, तरी फिरवली. आतून एकदाच ठक्क झालं. लोखंडावर लोखंड बसावं तसं. मग काही नाही. मी पुन्हा फिरवली नाही, कारण त्या एका आवाजात मला सगळं कळलं होतं. विनायकनं नारळ चाकापाशी फोडला, पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "बॅटरी गेली वाटतं."

एकादशीला निमाईदा शब्द दिल्याप्रमाणे आला. भाड्याची छोटी व्हॅन आणली, दोर बांधला आणि गाडी ओढत शेडवर नेली. तीन दिवसांनी आम्हा दोघांना बोलावलं. वर्तमानपत्रावर इंजिनचे भाग मांडून ठेवले होते. त्यात एक वाकडा लोखंडी दांडा होता, पिस्टनला धरून ठेवणारा. त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. निमाईदानं तो उचलून माझ्या हातात दिला. पाणी नुसतं आत साचून हा वाकत नाही, तो म्हणाला. इंजिन फिरलं तरच वाकतो. मग त्यानं सरळ विचारलं, "केउ स्टार्ट दियेछिलो?" कुणी चालू केली होती का?

मी म्हटलं, "ना."

या एका अक्षराचा राग मला आजतागायत आवरता आलेला नाही. विनायक शेजारीच होता. त्यानंही ते खोडून काढलं नाही. नंतर घरी मला म्हणाला, "चालू झालीच नाही ना, मग चालू केली कसं म्हणणार?" बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, वाक्यातून पळवाट काढणं त्याला बरं जमतं. पण शेडमध्ये उभा असताना त्यानं पळवाटेपलीकडे एक पाऊल टाकलं. म्हणाला, "मग ओढताना गिअरमध्ये राहिली असेल. त्यानंही इंजिन फिरतंच की." निमाईदानं त्याच्याकडे पाहिलं. "ना दादा. न्यूट्रल छिलो." न्यूट्रललाच होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी रॉड हातात घेऊन उभी होते, जड होता, आणि मी वर बघितलं नाही. त्यानं हात पुसले. जुन्या सुट्या भागांच्या मल्लिक बाजारात दोन दिवस हिंडून त्यानं जुन्या गाडीचा चांगला रॉड शोधून आणला आणि इंजिन पुन्हा बांधून दिलं. त्यानंतर त्यानं खिचडीला बोलावलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती कशी दिली जाते ते मी माझ्याच दिवाणखान्यात पाहिलं. दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली. विनायकनं चकली मोडता मोडता सांगितलं, निमाई आता पूर्वीचा राहिला नाही, गिअरमध्ये गाडी ओढली. सबनीस, दमदमला राहणारे, आमच्यातले ज्येष्ठ, मान हलवत म्हणाले, "या लोकांचं लक्षच नसतं कामात." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. सगळ्यांना साखर विचारली. वर्षभरात आठदहा घरांपैकी एकाचीही गाडी गार्डन रीचला जात नव्हती. त्या घरांनी मग आपल्या कचेऱ्यांतही हेच सांगितलं. इतकं सगळं माझ्या एका अक्षरावर उभं राहिलं, आणि मी शाळेत मुलींना गणित शिकवताना बजावत राहिले की पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

मला कुणाचा राग येतो? विनायकचा येतो. सबनिसांचा येतो. नानांच्या रिवाजाचा येतो, आणि त्या रिवाजाला "नाही" म्हणताना मला जे ऐकावं लागलं त्याचा येतो. बाईची चूक झाली तर ती सगळ्या बायकांच्या नावावर जमा होते, म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. ते खरंही आहे. पण त्याची भरपाई निमाईदानं का करावी?

तर यंदाचा पांढरा धूर. विनायकनं गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यायला लावली. थंडगार हॉल, काचेपलीकडे गाड्या, टाय लावलेले एक गृहस्थ. त्यांनी विनायककडे बघून मला समजावलं की इंजिन पूर्वी बाहेर उघडलेलं दिसतं आहे, बाहेरच्या कामाचा काही भरवसा नसतो, यात आता पडू नका, जुनी द्या आणि नवी न्या. विनायक विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळला. "बघ. मी काय म्हणत होतो?" तेव्हा मला लख्ख दिसलं की गाडी विकली की ही गोष्ट कायमची बंद होईल. निमाईनं बिघडवली म्हणून विकावी लागली, एवढंच उरेल. ते इंजिन भंगारात जाईल आणि त्याच्याबरोबर खरं काय ते सांगू शकणारं शेवटचं काहीतरी जाईल. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "ते काम चार वर्षं चाललं. तुमची नवी वस्तू चार वर्षं चालेल का, ते तेव्हा बघू." आणि किल्ली उचलली.

दसऱ्याला पूजा झाली. विनायकनं विचारलं, "बजबजपर्यंत टिकेल का?" मी म्हटलं, "बस." बजबजकडे वळायच्या ठिकाणी मी उलटी, गार्डन रीचकडे वळले. वाटेत दोनदा थांबून इंजिन गार होऊ दिलं. मूर्तींचे ट्रक बाजूनं जात होते, ढाक वाजत होते, गुलाल उडत होता, आणि आमच्या गाडीतून धूर निघत होता.

शेड अर्धी झाली आहे. उरलेल्या अर्ध्यात टोटो उभ्या होत्या, बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी. मोटारी एकही नाही. निमाईदा मागच्या खोलीतून बाहेर आला, केस पांढरे झालेले, धुतलेला झब्बा घातलेला. मला काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं. कांचनाचं पान पुढे केलं आणि त्याच्याच भाषेत म्हटलं, "निमाईदा, सेदिन आमि स्टार्ट दियेछिलाम." त्या दिवशी मी चालू केली होती. तुम्ही फोनवर नको म्हणून सांगितलं होतं, तरीही. विनायकनं झटकन माझ्याकडे पाहिलं. फोनचं त्याला ठाऊक नव्हतं.

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या बौदी. तो तसं म्हणाला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "आमाके बोले की होबे?" मला सांगून काय होणार? मला त्याच दिवशी कळलं होतं, तो म्हणाला, रॉड बघितला तेव्हाच. चार वर्षं मी वाट बघितली, तुम्ही कधीतरी तुमच्या लोकांना सांगाल. "ओदेर बोलुन. तारपोर गाडी." त्यांना सांगा, मग गाडीचं बघू.

त्यानं पान घेतलं नाही. पण त्याची बायको नारळाचे लाडू घेऊन आली, कारण दशमीला दारात आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय पाठवत नाहीत. आम्ही ते खाल्ले. आम्ही निघालो, मी इंजिन सुरू केलं, आणि तो पाठमोरा झालेला माणूस थांबला. परत आला. डोळे मिटून क्षणभर ऐकलं. "हेड गॅस्केट," म्हणाला. इंजिनच्या झाकणाखालची पट्टी गेली होती. "बाडी निये जान, आस्ते. तारपोर आर स्टार्ट देबेन ना." घरी न्या, हळू. मग पुन्हा चालू करू नका.

परतताना विनायक म्हणाला, "तू मला सांगितलं नाहीस. त्यानं बजावलं होतं हे कळलं असतं तर मी आग्रह केला नसता."

"केला असतास."

त्यानं खिडकीची काच खाली केली.

संध्याकाळी मंडळी आली. सबनीस सगळ्यांत आधी, नव्या झब्ब्यात, पान पुढे करून. "वहिनी, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा!" मी हात मागे घेतला. म्हटलं, "आधी ऐका." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. फोन, ठक्क, रॉड, माझं "ना". कुठेही पळवाट ठेवली नाही. मग सबनीस हसले. "अहो, सणाच्या दिवशी काय हे! चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तो निमाई काय आपल्यावाचून अडलाय? बरं ते सोडा, नवी कुठली घेताय?"

मी आयुष्यात इतकी चिडले नसेन. पण आवाज चढला नाही, त्याचं मलाच नवल वाटलं. म्हटलं, "नवी घेणार नाही. हीच दुरुस्त करणार, त्यानं हात लावला तर. आणि तो अडला होता, सबनीस. अर्धी शेड गेली त्याची. उद्या सकाळी नऊ वाजता मी गार्डन रीचला जाणार आहे. ज्यांचं त्याच्या पाठीमागे बोलून झालंय त्यांनी त्याच्या तोंडावर येऊन चुकलं म्हणायचं. मग मी तुमचं सोनं घेईन."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मी घेतलं नाही. त्या संध्याकाळी मी कुणाकडूनच सोनं घेतलं नाही. दसऱ्याला असं कुणी करत नाही, हे मला माहीत आहे.

एकादशीला सकाळी नऊला खाली उतरले. सबनीस नव्हते. दुसरंही कुणी नव्हतं. गल्लीत रिकामा पँडल, कामगार बांबू सोडवत होते. गाडीसमोर भाड्याची व्हॅन उभी होती आणि विनायक वाकून, धोतराला गाठ मारावी तशी चुकीची गाठ दोराला मारत होता. मला बघून सरळ झाला. कपाळावर घाम होता.

"गिअर न्यूट्रलला आहे का," तो म्हणाला, "एकदा नीट बघून घे."